सोंगाला गाव लागते

महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत गोंधळी, जोशी, वासुदेव, पांगुळ, गारुडी, कोल्हाटी, बहुरूपी अशी नावे येतात. शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या आरक्षणासाठी केलेली ही यादी. वाङ्मयाशी तिचे काही देणेघेणे नाही. पण छत्रपती संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणात सोळाव्या शतकात संत एकनाथांनी जी भारुडे रचली, त्यांची नावे शेजारी ठेवून पाहिली तर यातली बरीच मंडळी तिथेही भेटतात. गोंधळी आहे, जोशी आहे, वासुदेव, पांगुळ, गारुडी, कोल्हाटीण सगळे आहेत. दारोदार फिरणाऱ्या या माणसांचे सोंग घेऊन नाथांनी त्यांच्या तोंडून अध्यात्म सांगितले. चार शतकांनी शासनाने त्यांच्या वंशजांची नोंद केली ती जातीच्या दाखल्यापुरती. सोंगाचे कौतुक आणि सोंग घेणाऱ्याची आबाळ हे दोन्ही आपल्याकडे इतकी वर्षे गुण्यागोविंदाने नांदत आले आहेत.

सोंगांविषयी एरवी दोनच सुरांत बोलले जाते. एक सूर उमाळ्याचा: लोककला लोप पावत चालली, कुणीतरी काहीतरी करायला हवे. दुसरा सूर नाक मुरडण्याचा: ही सगळी भिकेची आणि अंधश्रद्धेची प्रकरणे, गेली तर बरेच झाले. दोघांचीही नजर असते ती तोंडाला फासलेल्या रंगावर आणि अंगावरच्या कपड्यांवर. सोंग घेतलेल्या माणसाला त्या घटकेपुरता कोणता अधिकार मिळतो, तो त्याला कोण देते आणि रात्र संपल्यावर तो परत कसा घेतला जातो, हे कुणी विचारत नाही. ते विचारले तर लक्षात येते की सोंग ही एका माणसाची कला असण्याआधी गावाने केलेली व्यवस्था आहे. गाव मागे उभे असेल तेवढेच ते सोंग चालते.

गोदावरीच्या उगमापासून सुरुवात करू. त्र्यंबकच्या डोंगरांच्या आसपास पेठ, सुरगाणा, मोखाडा, जव्हार या पट्ट्यात होळीनंतर बोहाडा सुरू होतो. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर यांच्या गावांतला हा मुखवट्यांचा उत्सव. कुठे तो तीन रात्री चालतो, कुठे त्याहून जास्त. मोखाड्याचा बोहाडा तर दूरवर प्रसिद्ध आहे. मुखवटे पूर्वी हलक्या लाकडाचे कोरत. पुढे कागदाचा लगदा आणि चिंचोक्याची खळ वापरून घडवू लागले. गणपती आधी येतो, मग शारदा, पुढे खंडेराव, भैरोबा, वेताळ, नरसिंह, अनेक तोंडांचा रावण. शेवटच्या रात्री उजाडता उजाडता देवी आणि महिषासुराचे युद्ध होते आणि बोहाडा संपतो.

यातले एकच सोंग जवळून पाहावे. नाचणाऱ्याच्या डोक्याला आधी कापड गुंडाळतात, म्हणजे मुखवट्याची कड कपाळाला रुतत नाही. मग मुखवटा चढवून दोऱ्यांनी मागे घट्ट आवळतात. मुखवटा मोठा असेल, त्यातून रावणाचा असेल, तर तो एकट्याने पेलण्याचा प्रश्नच नसतो. दोन्ही बाजूंना सावरायला माणसे लागतात. मुखवट्याआड गेलेल्याला समोरचे फारसे दिसत नाही. त्याला वाट दाखवतो तो टेंभ्याचा उजेड आणि संबळाचा ठेका. प्रत्येक देवाची चाल निराळी, त्यामुळे ठेका बदलला की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या म्हातारीलाही आता कोण येतोय ते न पाहता कळते. देवीचे सोंग समोर आले की बाया पाया पडतात. आत कोण आहे हे त्यांना चांगले ठाऊक असते. सकाळी त्याच्याशी त्या बांधावरून भांडल्याही असतील.

कोणते सोंग कुणी घ्यायचे याचेही नियम आहेत. काही मुखवटे पिढ्यान् पिढ्या ठरावीक घराण्यांकडे असतात, काही ठिकाणी सोंगासाठी बोली लागते. ज्याच्याकडे मान, त्याच्याकडे मुखवटा जपण्याची, रंगवण्याची, खर्चाची जबाबदारीही येते. नाचता चांगले येते एवढ्या भांडवलावर इथे नरसिंह होता येत नाही. शहरातल्या नाट्यवेड्या माणसाला हे खटकेल, पण त्यातच बोहाड्याचा जीव आहे. तिथे देवाचा अभिनय करण्यापेक्षा देवाची पाळी सांभाळणे मोठे.

हीच गोदावरी नाशकात येते तेव्हा सोंगाचा आणखी एक प्रकार भेटतो. धुळवडीच्या दिवशी जुन्या नाशकात वीर निघतात. घराण्यात जो लढाईत पडला किंवा अकाली गेला, त्याचा टाक देवघरात असतो. तो खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, कापडात बांधून वाजतगाजत गोदावरीवर न्यायचा, स्नान घालायचे आणि परत आणायचे. घरातली लहान मुले देवांचे, शूर पुरुषांचे वेष करून पुढे चालतात. दाजिबा वीराची मिरवणूक यातली सर्वांत मोठी. डोक्याला बाशिंग बांधलेला दाजिबा निघाला की दारोदारी लोक वाट पाहत उभे असतात. वर्षातून एक दिवस गेलेला माणूस गल्लीतून चालत जातो, अशी ही समजूत आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा समाजातल्या माणसाला हे सांगितले तर त्याला नवल वाटणार नाही. नायजेरिया आणि बेनिन या देशांत पसरलेल्या योरुबांमध्ये एगुंगुन म्हणून सोंग निघते. पूर्वज परत आला, असेच त्याविषयी मानतात. थरावर थर चढवलेल्या कापडांत माणूस नखशिखांत झाकलेला असतो. हात दिसत नाहीत, डोळ्यांवर जाळी असते, आवाजही बदललेला असतो. तो आशीर्वाद देतो, घराण्यातली भांडणे सोडवतो, चुकलेल्याला खडसावतो. त्याला हात लावायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आत कोण आहे ते ओळखायचे नाही. ओळखले तरी तसे बोलायचे नाही.

शेजारच्या इग्बो समाजात मुखवटे न्यायनिवाडाही करीत. चिनुआ अचेबे यांच्या 1958 सालच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीत गावाच्या मैदानात मुखवटे न्यायासनावर बसतात आणि नवरा-बायकोच्या तंट्यावर निकाल देतात. बायांना वाटते की रांगेतल्या दुसऱ्या मुखवट्याची चाल अगदी गावातल्या एका माणसासारखी आहे. पण वाटले ते मनातच राहते. पुढे नव्याने ख्रिस्ती झालेला एक तरुण भर रस्त्यात अशाच एका मुखवट्याचे आवरण फाडतो, आणि कादंबरीतले गाव तिथून कोसळू लागते. वोले शोयिंका यांनी 1975 साली प्रसिद्ध झालेल्या 'डेथ अँड द किंग्ज हॉर्समन' या नाटकात हाच धागा उलट बाजूने धरला आहे. इंग्रज जिल्हाधिकारी आणि त्याची बायको मेजवानीतल्या वेषस्पर्धेसाठी जप्त केलेले एगुंगुनचे कपडे गंमत म्हणून अंगावर चढवतात. त्यांच्याच हाताखालचा हवालदार निरोप घेऊन येतो. तो स्वतः मुसलमान, पण ते कपडे पाहून थिजतो आणि साहेबाला निरोप सांगायलाच तयार होत नाही. मृत्यूचा वेष घातलेल्या माणसाशी मृत्यूविषयी बोलायचे तरी कसे, अशी त्याची अडचण. साहेबाला तो मूर्खपणा वाटतो. कपडे तेच, माणूसही ओळखीचा. साहेबामागे गाव नव्हते, एवढाच फरक.

छत्रपती संभाजीनगरची स्थापना ज्याने केली तो मलिक अंबरही आफ्रिकेतूनच आलेला. तो पूर्व आफ्रिकेतल्या इथिओपियाचा, योरुबांच्या मुलखापासून हजारो किलोमीटर दूरचा. त्यामुळे त्याचा आणि या मुखवट्यांचा संबंध जोडायचा मोह आवरलेलाच बरा. तरीही 1610 साली खडकी या नावाने हे शहर वसवणाऱ्या माणसाच्या खंडाविषयी त्याच्याच शहरात जवळजवळ काही शिकवले जात नाही, हे नमूद करायला हरकत नसावी.

एगुंगुन आणि भारूड समोरासमोर ठेवले की पैठणचे वेगळेपण उठून दिसते. एगुंगुनमध्ये आतला माणूस अज्ञात राहिला तरच सोंग चालते. भारुडात नेमके उलटे आहे. कीर्तनाला उभा असलेला, कालपरवा दिंडीत शेजारी चाललेला माणूस उठतो, धोतरावरच लुगडे गुंडाळतो, पदर डोक्यावर ओढतो, गळ्यातली माळ आणि हातातले टाळ तसेच ठेवतो आणि सासरला कंटाळलेली बाई होतो. मुखवटा नाही, पडदा नाही, मिशाही काढलेल्या नसतात. फाटके घोंगडे डोक्यावर घेतले की तोच पांगुळ, मोरपिसांची टोपी चढवली की तोच वासुदेव. तो कोण हे सगळ्यांना माहीत असते आणि ते माहीत असण्यातच मजा असते. विंचू चावल्याची बोंब मारत तो लोळायला लागला की पोरे हसतात, आणि तो विंचू म्हणजे काम-क्रोध हे कळले की मोठी माणसे गप्प होतात. अभ्यासक भारुडांचे भजनी, सोंगी आणि कूट असे भाग पाडतात. नदीच्या वाळवंटात मात्र भजनातून सोंग कधी सुरू झाले ते कळतही नाही.

पैठणला देवानेच सोंग घेतल्याची कथा आहे, हे लक्षात घेतले तर नाथांना सोंगांचे इतके वेड का, याचा थोडा उलगडा होतो. द्वारकेचा कृष्ण श्रीखंड्या नावाचा गडी होऊन बारा वर्षे नाथांच्या घरी राबला, गोदावरीतून कावडीने पाणी वाहून रांजण भरत राहिला, अशी ती श्रद्धा. तो रांजण पैठणच्या नाथवाड्यात आजही दाखवतात. नाथषष्ठीच्या आधी तुकाराम बीजेपासून भाविक त्यात पाणी ओतू लागतात आणि ज्याच्या घागरीने तो भरून वाहतो, त्याच्या रूपाने श्रीखंड्या येऊन गेला असे मानून त्याचा मान केला जातो. त्या माणसाने कसलाही वेष केलेला नसतो. आपल्यावर ही पाळी येणार हे त्यालाही आधी ठाऊक नसते. दौलताबादच्या किल्ल्यावर गुरू जनार्दनस्वामींकडे असताना दत्तात्रेय मलंग फकिराच्या वेषात आले आणि नाथांना ते चटकन ओळखता आले नाहीत, असेही चरित्रकार सांगतात. देव गड्याच्या, फकिराच्या रूपात येऊ शकतो हे एकदा मनात ठसले की दारात आलेल्या जोश्या-गोंधळ्याकडे पाहण्याची नजर बदलणारच.

सोंगाचा दुसरा अधिकार बोलण्याचा. योरुबांमध्येच गेलेदे नावाचा उत्सव आहे. समाजातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या, 'आमच्या आयां'च्या, शक्तीला मान देण्यासाठी तो असतो आणि नाचतात पुरुष, स्त्रियांच्या चेहऱ्याचे कोरीव मुखवटे डोक्यावर घेऊन. त्याच्या आदल्या रात्री एफे नावाचे सोंग येते. ते गावातल्या लबाडांची, उर्मटांची, वाट सोडून वागणाऱ्यांची जाहीर खिल्ली उडवते आणि त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारू शकत नाही. 2001 साली युनेस्कोने ज्या पहिल्या मौखिक वारशांची घोषणा केली, त्यात गेलेदे होता. आपल्या शिमग्यात बोंब मारायची मुभा आहे ती याच जातीची. कोकणात काळा पायघोळ अंगरखा, उंच टोपी आणि पांढरी दाढी लावलेला संकासुर घरात शिरून यजमानाची फिरकी घेतो, आणि यजमान हसून वर पैसे देतो. एरवी तेच शब्द बोलले तर डोकी फुटतील. नाथांच्या भारुडांतली सुनेची सासूबद्दलची तक्रार, भोंदू साधूची टर, पोटार्थी ज्योतिषाची थट्टा ही सगळी सोंगाच्या आडोशाने बोललेली उघड सत्ये आहेत.

आता इथे एक अडचण आहे आणि ती झाकून पुढे जाणे बरे नव्हे. नाथांनी अस्पृश्य माणसाचेही सोंग घेतले. त्याच्या जोहारातून गावच्या शहाण्यांना चार गोष्टी सुनावल्या. त्या काळात हे धाडसाचेच होते. पण ज्याचे सोंग घेतले तो माणूस मंडपात उभा राहून तेच शब्द स्वतः बोलू शकत होता का? उत्तर सर्वांना माहीत आहे. सोंगाचा अधिकार उच्चवर्णीय कवीला मिळाला आणि मूळ माणूस वेशीबाहेरच राहिला. म्हणूनच विसाव्या शतकात सत्यशोधक आणि नंतर आंबेडकरी जलसे उभे राहिले तेव्हा त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातून माणसे स्वतःच्या नावाने स्वतःचे दुःख बोलू लागली. छत्रपती संभाजीनगरात मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केले. 1956 च्या धर्मांतरानंतर पोतराजाचा कोरडा आणि जोगव्याची परडी टाकून देणाऱ्या कुटुंबांना 'परंपरा जपा' असे सांगायला जाणारा माणूस शहाणा म्हणता येणार नाही.

म्हणून सोंगांत एक भेद करायलाच हवा. बोहाड्यातला नरसिंह उद्या सकाळी शेतावर जातो. त्याच्यासाठी सोंग हा मान आहे. भारूडकार बहुधा वारकरी असतो. त्याच्यासाठी ती सेवा. बहुरूप्याचे मात्र पोटच सोंगावर. हवालदार होऊन तो दारात उभा राहतो, खोटी शिट्टी फुंकतो, घरधन्यावर भलताच गुन्हा ठेवून वॉरंट वाचून दाखवतो, नाहीतर कधीच न होणाऱ्या लग्नाचे आमंत्रण देतो, आणि शेवटी पायलीभर धान्यावर तडजोड करतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण बहुरूप्याइतकी दुसऱ्या कुणाला लागू पडत नसेल. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली 'गावगाडा' लिहिले तेव्हा अशा फिरस्त्यांना त्यांनी कुणब्याच्या डोक्यावरचा भार ठरवले. महसूल खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला खळ्यावरचा हिशेब दिसणे साहजिक होते. पण त्या खळ्यावरच्या चार पसा धान्यात गाव काय विकत घेत होते, हे त्या हिशेबात बसले नाही. पोलिसाला, तलाठ्याला, सावकाराला हसण्याची सोय गावाला त्यातून मिळत होती.

ही सोय कोणत्या आधारावर चालत असे? सुगीनंतर अमुक घरचा बहुरूपी येतो, त्याचा बाप आपल्या बापाकडे येत असे, हे गावाला ठाऊक होते. वेष खोटा आणि माणूस ओळखीचा, म्हणून हसता येत असे. कायद्यालाही हा फरक पूर्वीपासून कळतो. लोकसेवकाचा गणवेश घालणे हा भारतीय दंड संहितेत गुन्हा होता, आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 205 खाली आहे. पण फसवण्याचा हेतू असेल तरच. फसवायचा हेतू नाही हे आधी गावच ठरवत असे. आता रस्ते झाले, शेतात मजूर बाहेरचे आले, तरुण शहरात गेले, दारे बंद झाली. दारात उभा असलेला माणूस ओळखीचा उरला नाही.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप मोबाइलवरून कित्येक दिवस फिरत होते. सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने घेरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. भगवा वेष करून दारोदार भिक्षा मागणे हा त्या समाजाचा पिढीजात मार्ग. त्याच महिन्याच्या 17 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने जमावबळींविषयी निकाल देताना प्रत्येक जिल्ह्यात किमान पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. आदेश योग्यच. पण दारात कोण येऊ शकतो याची गावाची समजच पुसली गेली, हे त्या घटनेतले खोल दुखणे आहे. चाळीस वर्षांपूर्वी डवरी गोसाव्याला पाहून त्याच मुलखातल्या बाईने सूप घेऊन बाहेर येऊन पीठ घातले असते.

दुसऱ्या टोकाला सोंगांचे भाग्य फळफळलेले दिसते. सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे यांनी भारूड गावच्या पारावरून मोठमोठ्या मंचांवर नेले. त्यांचे 'बुरगुंडा' हे भारूड शहरी प्रेक्षकांनीही डोक्यावर घेतले, आणि व्यसनमुक्तीसारखे विषय त्यांनी त्यात चपखल बसवले. 2021 मध्ये कोविडने त्यांना नेले. पंढरपूरच्या चंदाबाई तिवाडी यांनी तर पुरुषांनी लुगडे नेसून करायच्या भूमिका बाईनेच कराव्यात तर त्यांना काय धार येते, हे दाखवून दिले. सिंधुदुर्गाचा दशावतार 2025 साली त्याच नावाच्या चित्रपटामुळे मुंबई-पुण्याच्या घरांत पोहोचला. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत भारूड, पोवाडा, लोकनाट्य यांच्या स्पर्धा होतात आणि मुले जीव तोडून सादर करतात. यातले काहीही वाईट नाही. स्पर्धेतून आलेली मुले पुढे चांगले नट झालेली मराठवाड्याने पाहिली आहेत.

तरी मंचावर गेल्यावर काय गळते ते पाहिले पाहिजे. स्पर्धेत घड्याळ असते, परीक्षक असतात, तोंडासमोर ध्वनिक्षेपक असतो. भारूडकाराला समोर बसलेल्या पाटलाच्या नावाने चिमटा काढता येत नाही, कारण समोर पाटील नसतो. असतो प्रमुख पाहुणा, आणि त्याची टर उडवायची नसते. मग विषय उरतात ते सरकारी जाहिरातीतले: झाडे लावा, मुलगी शिकवा, दारू सोडा. विषय चांगलेच, पण त्यांत कुणाला काही लागत नाही. दंश काढलेल्या विंचवाला कोण भिणार? नायजेरियातही हे घडून गेले आहे. 1980 च्या दशकात अनाम्ब्रा राज्याच्या सरकारने इग्बो मुखवट्यांचा मोठा वार्षिक महोत्सव सुरू केला. रात्री गावात निघणारे मुखवटे दिवसा प्रेक्षकांपुढे नाचू लागले. मुखवट्यांना प्रतिष्ठा आली. पण न्याय देण्याचा, जाब विचारण्याचा त्यांचा अधिकार काही तिथे बरोबर आला नाही. त्याच भागातल्या इजेले या सुमारे चार मीटर उंच मुखवट्याला 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तो तयार करायला शंभर माणसे सहा महिने खपतात, असे युनेस्कोचे वर्णन सांगते. ती शंभर माणसे एकत्र येतात तोवर इजेलेला धोका नाही. यादीत नाव असूनही उद्या ती आली नाहीत, तर यादी काही करू शकणार नाही. भारतातून रम्माण, मुडियेट्टू आणि छाऊ या मुखवट्यांशी आणि रंगवलेल्या चेहऱ्यांशी नाते असलेल्या परंपरा त्या यादीत गेल्या. बोहाडा आणि दशावतार तिथे नाहीत. जावेत, पण ती धावपळ करताना मोखाड्यातला तरुण बोहाड्याच्या रात्री गावात असतो की नाशिकच्या बांधकामावर, हा प्रश्न आधी विचारावा.

या विषयाचा अभ्यास मराठवाड्यात झालेलाच नाही असे नाही. डॉ. प्रभाकर मांडे यांनी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात मराठी शिकवताना लोकसाहित्य ही गंभीर अभ्यासशाखा आहे हे पटवून दिले. 'गावगाड्याबाहेर' या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच त्यांची नजर कळते. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाअखेरीस ते गेले. नाट्यशास्त्र विभागही इथे अर्धशतकापासून आहे. तेव्हा कमतरता माहितीची नाही. नाट्यशास्त्राचा विद्यार्थी भारूड शिकतो ते प्रयोग म्हणून, मराठीचा विद्यार्थी वाचतो ते संहिता म्हणून, आणि समाजकार्याचा विद्यार्थी बहुरूप्यांच्या वस्तीवर जातो तो सर्वेक्षणाचा तक्ता घेऊन. एकाच माणसाचे हे तीन तुकडे एका टेबलावर येत नाहीत.

करण्यासारख्या गोष्टी फार भव्य नाहीत. ज्या बहुरूप्याच्या मुलाला शाळा शिकून दुसरे काही व्हायचे आहे, त्याच्या वाटेत दाखल्याचा अडथळा येऊ नये. भटक्यांना जातीचा दाखला काढताना वडिलोपार्जित वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याचा बाप दर महिन्याला वेगळ्या गावच्या मोकळ्या जागेत पाल ठोकत होता त्याने तो आणायचा कुठून? गृहचौकशीवर विसंबून दाखला देण्याची पद्धत तालुक्याच्या कार्यालयात नीट राबवली तरी पुष्कळ होईल. आणि ज्याला अजूनही सोंग घेऊन फिरायचे आहे, त्याच्याबद्दल ग्रामपंचायतीने आणि पोलीस पाटलाने गावाला चार दिवस आधी सांगावे. दवंडी गेली, पण गावोगावचे मोबाइलचे गट आहेत. ज्या गटांवर अफवा फिरते त्यांवरच उद्या अमुक कुटुंब गावात येत आहे, हा निरोपही फिरू शकतो. कलाकार मानधनाच्या यादीत मंचावरच्यांइतकेच या फिरत्यांनाही स्थान असावे, आणि त्यासाठी प्रयोगांची कात्रणे मागू नयेत. वर्तमानपत्रात छापून येण्यासाठी कुणी बहुरूपी होत नाही.

राहता राहिले पैठण. नाथषष्ठीला, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीला, लाखो वारकरी येतात. यात्रेच्या नियोजनाच्या बैठकीत पिण्याचे पाणी, एसटीच्या जादा गाड्या, फिरती शौचालये, आरोग्यपथके असे विषय असतात आणि असायलाच हवेत. वाळवंटात दिंड्या उतरतात तिथे रात्री भजनाला उभे राहावे तर शेजारच्या पाळण्यांचे आणि विक्रेत्यांचे भोंगे टाळांचा आवाज गिळून टाकतात. नाथांच्या गावी नाथांचेच भारूड ऐकू येत नाही, अशी ही स्थिती. षष्ठी आणि सप्तमीच्या रात्री दोन-तीन तास भोंगे बंद ठेवून वाळवंटाचा एक भाग फक्त सोंगी भारुडांसाठी मोकळा सोडावा. मंच नको, सत्कार नको, परीक्षक तर मुळीच नकोत. पुढच्या नियोजनाच्या बैठकीत हा एक विषय पत्रिकेवर घ्यायला जिल्हा प्रशासनाला आणि नगरपरिषदेला वेगळ्या निधीची गरज पडणार नाही.